कॉम्प्युटरवरचा मुलगा पारखायला

स्वारगेटवर माझी भाची मृणाल मला सोडायला आली होती. "आत्या, नीट बोल हं त्यांच्याशी."

"बोलायला कोण चाललंय? बघायला चाललेय," मी म्हटलं आणि कोल्हापूरच्या एसटीत चढले.

वर्षभर ही पोरगी नेट कॅफेत बसून कोल्हापूरच्या कुणा अजितशी चॅटिंग करत होती. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही आणि आता म्हणे लग्न! जातीपातीचं मागाहून बघू, पण टाइप करणारा पंचविशीचा की पन्नाशीचा हे कोण सांगणार? समोरचा माणूस खोटं बोलला तर निदान त्याची नजर तरी चुकते. त्यात या पठ्ठ्यानं लिहिलं होतं, आमच्या घरात मटण शिजत नाही. कोल्हापुरात! माझा संशय तिथंच पक्का झाला. माझा भाऊ, म्हणजे मृणालचे वडील, चार वर्षांपूर्वी गेला. वहिनी बिचारी भोळी. तेव्हा खातरजमा करायची ती मीच.

खंबाटकी घाट ओलांडला. कराड सोडलं आणि दोन्ही अंगांना ऊसच ऊस सुरू झाला. कोल्हापुरात उतरून आधी अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि मग शाहूपुरी गाठली. गल्लीभर गुळाचा वास, पोत्यांवर गांधीलमाश्या. अजितच्या गुळाच्या पेढीसमोरच्या टपरीवर चहा घेतला आणि हळूच विचारलं, "समोरचा मुलगा कसा आहे हो?"

"स्थळ बघाय आलाय व्हय?"

"छे, पुण्याहून आलेय, सहज आपलं."

"सहज कोण येतंय पुण्यासनं!" असं म्हणून चहावाल्यानं रस्त्यापलीकडं आरोळी ठोकली, "ए अजित, पावणं (पाहुणे) आल्यात बघ तुझ्याकडं!"

झाली माझी गुप्त चौकशी!

चिकट हात पुसत एक पोरगा बाहेर आला. पंचविशीचाच. मी मृणालची आत्या म्हटल्यावर पाया पडला, पण तोंडातून शब्द फुटेना. पडद्यावर तासन्‌तास बोलणारा तो हाच का? पेढीच्या मागेच घर होतं. त्याच्या आईनं मला बसूही दिलं नाही. "हातपाय धुवा आन् जेवायलाच बसा की. आमी जैन हाय, दिवस मावळायच्या आत जेवतो."

म्हणजे मटणाचं खरं होतं तर! जेवता जेवता मी आडून आडून शिक्षण विचारलं, धंदा विचारला. सगळं जुळत होतं. तरी मन मानेना. एखादा माणूस इतका सरळ कसा असेल?

आईनं माझ्यापुढं गुळाचा लहान रवा (ढेप) आणून ठेवला. "ह्यो मृणालच्या वडलांस्नी. गुळाचाच च्या लागतोय म्हणं त्यास्नी."

माझा घास तोंडातच राहिला.

आता अजितला कंठ फुटला. "बाबाच सकाळी चहा करून तिला उठवतात की. परवा नवी छत्रीबी आणली म्हणं तिला."

तो माझा भाऊच होता, हुबेहूब. असाच चहा करायचा, असाच लेकीला उठवायचा. फक्त आता तो नव्हता. पोरीनं तिथं, त्या पडद्यावर, त्याला जिवंत ठेवलं होतं. मला रडू आलं आणि तिचा रागही आला. 'हो हो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्या माउलीच्या पंगतीला बसून खोटं बोलवेना.

"माझा भाऊ जाऊन चार वर्षं झाली," मी सांगितलं.

"अगं बाई!" आईनं तोंडावर हात ठेवला.

अजितनं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "आत्या, मग बाकीचं तरी खरं हाय का?"

पुण्याहून मी नेमका हाच प्रश्न घेऊन निघाले होते.

आईनं मला मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी निघताना म्हणाली, "पोरीला हितं पाठवा. मशिनवर नको. माझ्यासमोर बसून सांगू दे."

परतीच्या वाटेवर मी कधी मृणालवर चिडत होते, कधी डोळे पुसत होते. समोर बसलेल्या माणसाशी त्या पोराला चार शब्द बोलता येत नव्हते. आणि पडद्यावर हजार शब्द लिहिणाऱ्या आमच्या पोरीला 'बाबा नाहीत' एवढं लिहिता आलं नव्हतं. मी वर्षभर शंका घेतली, ती त्याच्यावर. तिला कधी काही विचारलंच नाही.

स्वारगेटला मृणाल उभीच होती. "आत्या, कसा आहे गं अजित?"

"आहे तसाच आहे," मी म्हटलं. "उद्याच्या गाडीत बस. तू कशी आहेस, ते त्याला बघायचंय."