डिप्परचा डोळा

"पह्यले पालथं कर."

काकूंपुढे कोणी काहीही ठेवलं, तरी त्यांचं पहिलं वाक्य हेच. लग्नपत्रिका दिली तर आधी मागे छापखान्याचं नाव वाचायच्या, मग नवरा-नवरीकडे वळायच्या. एकदा माझ्या बायकोने दिलेला डबाही त्यांनी सवयीने पालथा केला. आत कढी होती.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारी काकूंचं भंगाराचं दुकान होतं. त्या रस्त्याने गेला असाल तर तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळलेल्या, साठीच्या बाई. तुम्हाला वाटलं असेल, रद्दीवाल्या. पण जुन्या अमेरिकन गाड्यांचा आपोआप डिप्पर मारणारा डोळा नुसता हातात घेऊन ओळखणारी माणसं जगात थोडीच असतील, आणि त्यातल्या एक आमच्या शेजारी बसत.

हा डोळा म्हणजे काय, ते मलाही त्यांनीच शिकवलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या काही बड्या गाड्यांत डॅशबोर्डवर भिंगाची एक डबी असे. समोरच्या गाडीचा उजेड भिंगावर पडला, की हेडलाइट आपोआप अप्परवरून डिप्परवर येत. ती गाडी गेली, की पुन्हा अप्पर.

"आपले ट्रकवाले हात जोडले तरी डिप्पर मारत नाही," काकू म्हणायच्या. "अन् थी डबी मारे. डबीले अक्कल होती."

त्यांचे वडील राजूरला एका कोळशाच्या कंत्राटदाराकडे गाड्यांची वायरिंग करत. कंत्राटदाराला अशा गाड्यांचा शौक. गाड्या विकल्या गेल्या, सुटे भाग वडिलांकडे राहिले, वडिलांनंतर काकूंकडे आले. ते उघडता-बसवताच काकू मोठ्या झाल्या होत्या.

मी एकदा त्यातल्या एका डबीचा फोटो जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकला, आणि देशोदेशीचे प्रश्न सुरू झाले. मी वाचून दाखवायचो, काकू उत्तर द्यायच्या, मी इंग्रजीत टाइप करायचो. एका साहेबांनी आपला डोळा चकाचक पुसून, मखमलीवर ठेवून फोटो पाठवला.

"त्याले सांग, हा डोळा नाही, धुक्याच्या लाइटचा डब्बा हाय."

मी लिहायला लागलो.

"एवढं लांब काहून लिहून राह्यला? मी तं चारच शब्द बोलली."

"साहेबाला वाईट वाटू नये म्हणून, काकू."

"डब्बा थे डब्बाच राहीन ना!"

ग्रुपवर सगळे त्यांना 'सर' म्हणत. काकूंनी ते कधी दुरुस्त करू दिलं नाही.

मग एक दिवस फुलसावंगीहून कापसाचं जिनिंग असलेले सत्तरीचे एक काका आले. वडिलांची गाडी त्यांनी कित्येक वर्षं खपून उभी केली होती. डोळा तेवढा सापडत नव्हता, तो आईच्या पेटीत सापडला. टॉवेलात गुंडाळलेली डबी त्यांनी बाळासारखी पुढे केली.

काकूंनी ती पालथी केली. "तीनच पिना? गाडीच्या डोळ्याले चार राह्यते, दादा. हे टुरिंग टॉकीजच्या मशीनचं हाय. पिच्चरचा आवाज काढाले असाच डोळा लागे."

"पण माह्याच बाबानं सांगतलं होतं मले, गाडीचा हाय म्हणून."

"बाबाले कोनं तरी फसवलं."

काकांनी टॉवेलाची नीट घडी घातली आणि ते निघून गेले. जरा नरम सांगायचं होतं, असं मी म्हटलं, तर काकू रद्दी तोलायला लागल्या.

दोन-तीन आठवड्यांनी परदेशातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने फोटो पाठवला. तीच डबी, तीन पिना, गाडीत बसवलेली. खाली लिहिलं होतं, पहिल्या वर्षी असे थोडेच निघाले, चार पिना नंतर आल्या.

काकूंनी माझा मोबाइल हातात घेतला आणि पालथा केला. मागे माझ्या मुलीने चिकटवलेलं फुलपाखरू होतं. मग फोटो मोठा करून त्या बराच वेळ पाहत बसल्या, आणि भरदुपारी त्यांनी दुकान बंद केलं.

"म्या त्याच्या मेलेल्या बापाले येडं ठरवलं," एवढंच म्हणाल्या.

"फोन करू का त्यांना?"

"फोनवर चुकी कबूल करनं म्हंजे पाठ फिरवून पाया पडनं. सकाळच्या एसटीनं चाल."

पिशवीत त्यांनी बॉनेटखाली बसणारी, डोळ्याच्या इशाऱ्यावर दिवे बदलणारी पेटीही घेतली. डोळा गेला तिथे ती तरी गाडीत कशाला उरेल, म्हणाल्या.

फुलसावंगीला काकांच्या अंगणात कुरड्या वाळत होत्या. कापड उडू नये म्हणून तीन कोपऱ्यांवर दगड होते. चौथ्यावर डोळा. काकू सरळ कापडावरून चालत गेल्या, डबी उचलली, पदराने पुसली.

"दादा, मी चुकली. तुमच्या बाबाले कोनी फसवलं नव्हतं."

काकांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाई, कुरड्यांवरून उतरता काय जरा?"

कापसाच्या गोदामात गाडी उभी होती. काकूंनी दोन तास वायरी जोडल्या, दारं लावून अंधार केला, दिवे लावले. मी समोर टॉर्च धरला. काही नाही. पुन्हा धरला. तरी काही नाही. काकांचा चेहरा पडला.

"थांबा ना," काकू सुपारी चघळत म्हणाल्या. "म्हातारं मशीन हाय. गरम व्हाले वेळ लागते."

थोड्या वेळाने बॉनेटखाली टक् झालं आणि दिवे खाली झुकले. काकांनी माझ्या हातातला टॉर्च हिसकावलाच. लावला, विझवला, पुन्हा लावला. "बाबा खरं बोलत होते," प्रत्येक वेळी म्हणायचे. शेवटी त्यांच्या बायकोने दार ढकललं. "जेवाले येता, का लाइटाचे डोळेच मिचकावता?"

त्यानंतर काकू प्रत्येक उत्तराखाली एक ओळ लिहायला लावत: 'मी एकदा चुकलेली आहे.' आता ती काढू या का, असं मी दोन-चारदा विचारलं.

"राहू दे. विचारनाऱ्याले माहीत पाह्यजे."

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. ग्रुपवर मी कळवलं, तेव्हा बऱ्याच जणांना 'सर' बाई होत्या हे पहिल्यांदा समजलं.

फुलसावंगीलाही मी फोन केला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथले काका ती लांबलचक गाडी स्वतः चालवत आले. काकूंच्या बंद शटरसमोर त्यांनी ती उभी केली आणि आतच बसून राहिले. हेडलाइट चालू होते. ऊन थेट डॅशबोर्डवरच्या डोळ्यावर पडत होतं, म्हणून दिवे डिप्परवरच, खाली झुकलेले होते.

एक ऑटोवाला जाता जाता ओरडला, "काका, लाइट चालू हाय!"

"माहीत हाय," काका म्हणाले. "राहू दे."