पिक्चरमधली ज्वारी

परवा पाहिलेल्या पिक्चरमधल्या बाईनं भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात न फिरवताच उलटली. लगेच भाकरी टम्म फुगलेली. तिथंच मी ओळखलं, हा पिक्चर करणाऱ्यांच्या घरात कुणी भाकरी करत नसणार. पुढं त्या बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, ती देवळाच्या पायरीवर बसून रडली, काम चांगलं केलं होतं तिनं. पण मला रडू आलं नाही. माझं मन त्या भाकरीतच अडकून राहिलं होतं.

अशी मतं माझ्याकडं पुष्कळ आहेत. मारामारीच्या पिक्चरमध्ये हिरो चाळीस जणांना आपटतो, माठ फुटतात, धान्याची पोती फाटतात. ते सगळं नंतर झाडून कोण घेतं, हे कधी दाखवत नाहीत. रानात काम करणाऱ्या बाईची साडी इस्त्रीची असते. आणि श्रीमंताच्या घरात सगळे जण जिन्यात उभे राहूनच का बोलतात, तेही मला कळलेलं नाही. पण एखादा पिक्चर असा येतो की दोन दिवस भांडी घासताना तोच डोळ्यापुढं राहतो. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला बोलता येत नाही. म्हणून लेकीच्या बारावीच्या वहीत मागं कोरी पानं राहिली होती, त्यांवर लिहिते.

आमचं गाव तेरपासून जवळ. घरात आम्ही चौघं. नवरा तुळजापूरला एका लॉजवर कामाला आहे, सकाळी जातो, दिवे लागल्यावर येतो. लेक धाराशिवला कॉलेजला जाते. दिवसभर घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात.

मामांसमोर मी कधी बसले नाही आणि त्यांच्याशी सरळ बोललेही नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही रीत. सासूबाई होत्या तोवर मामा त्यांना सांगायचे, त्या मला सांगायच्या, माझं उत्तर त्याच वाटेनं परत जायचं. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मग दुपारच्या घरात बोलायचं कुणाच्या मार्फत, असा प्रश्न पडला. तो आमच्या मांजरीनं सोडवला. तिला काय कळायचं ते कळो, पण मामा बाजेवर बसून तिला म्हणायचे, "मांजरे, चहा मिळंल का?" मी आतून म्हणायची, "मांजरे, आधण ठेवलंय म्हणावं." मांजर दोघांकडंही बघायची नाही.

पिक्चरचं वेड आम्हा दोघांनाही. लेकीनं टीव्हीला इंटरनेट जोडून घेतलं तेव्हापासून नवे पिक्चर घरीच दिसायला लागले. सकाळची एसटी धरायच्या आधी ती एक पिक्चर काढून ठेवायची आणि आजोबांना सांगायची, "आबा, जेवण झाल्यावर फक्त मधलं बटण दाबायचं. दुसरं कुठलं दाबू नका, नाहीतर परवासारख्या बातम्या लागतील."

दुपारी मामा बटण दाबायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी राहायची. पदर डोक्यावर, हातात निवडायला काहीतरी. समोरच्या खोलीतलं लोखंडी कपाट मधे येत असल्यामुळं टीव्हीचा डावीकडचा भाग मला दिसायचा नाही. किती तरी पिक्चर मी तसेच पाहिले. एका पिक्चरमधला नवरा शेवटपर्यंत कपाटाआडच राहिला. त्याच्या बायकोचं तोंड बघून मी ठरवलं की माणूस बरा असावा.

तरी त्या दोन तासांसाठी मी सकाळपासून भराभर हात उचलून काम करायची. कुणी मला काही मागत नसायचं, कुणी हाक मारत नसायचं. मी ना कधी समुद्र पाहिला ना विमानात बसले, पण लोक कशाकशानं खचतात आणि कसे पुन्हा उभे राहतात, ते मी त्या दारातून पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात मामांना धूसर दिसायला लागलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, दोन-तीन महिने पथ्य पाळा. मामा आधी बाजेवरून उठून खुर्चीवर बसायला लागले, मग खुर्ची टीव्हीजवळ सरकली, मग आणखी जवळ. एक दिवस अर्ध्या पिक्चरमध्येच त्यांनी टीव्ही बंद केला.

"मांजरे," ते म्हणाले, "पोरीला सांग, उद्यापास्नं पिक्चर काढून ठिवू नको म्हणावं. नुसता आवाज येतोय. ह्याला पिक्चर म्हणत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही काळा. तिसऱ्या दिवशीही. मामा भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी दारात मेथी निवडत उभी राहिले, समोर काही नसताना. मला त्यांची दया आली होती हे खरं. पण खरं लिहायचं तर मला माझीच जास्त आली. त्यांचा पिक्चर बंद म्हणजे माझाही बंद. मी एकटीनं टीव्ही लावून बसावं आणि सासऱ्यांनी आवाज ऐकत पडावं, हे आमच्या घरात होण्यासारखं नव्हतं.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी हात पुसले, समोरच्या खोलीत गेले, बटण दाबलं आणि पळत दारात परत आले. पिक्चर सुरू झाला. मामा उठून बसले. मग मी म्हणाले, "मांजरे, एक बाई एसटीतून उतरलीय. हातात पिशवी. उतरल्यावर मागं बघतीय, दुसरं कुणीच उतरलं न्हाय."

मामांनी कान दाराकडं केला. मग म्हणाले, "साडी कंची हाय?"

"हिरवी. जुनी दिसतीय."

"मग म्हायेराला आली असंल," मामा म्हणाले आणि त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

तेव्हापासून मी पिक्चर सांगायला लागले. कपाटाआडचंही सांगावं लागायचं, म्हणून मी उंबऱ्याच्या बाहेर एक पाऊल आले. आधी नुसतं दिसेल ते सांगायची. मग माझी मतंही त्यात यायला लागली. "मांजरे, ह्या पिक्चरमधली पोलिसीण चोराच्या मागं पळतीय, पण केस सोडून. असं पळता येतंय व्हय?" मामा हसायचे. कधी वाद घालायचे. मी म्हणाले, हा धाकटा भाऊ लबाड आहे. ते म्हणाले, "मांजरीला काय कळतंय. थोरल्यानं वाटणीच तशी केली, पोरगं करील काय?" शेवटी धाकटाच लबाड निघाला. मी आतून मुद्दाम मोठ्यानं भांडी वाजवली.

एकदा लेकीच्या हातून चुकून कानडी पिक्चर काढला गेला. मराठीत बोलणं नाही, हिंदीत नाही, खाली नुसती इंग्रजी अक्षरं पळत होती. मी म्हणाले, "मांजरे, आज राहू दे. ह्यातलं काहीच कळंना."

"थांब की," मामा म्हणाले. ते लहानपणी आजोळी वाढले, उमरग्याच्या पलीकडं, तिथं सगळ्यांना कानडी येतं. "मला कळतंय समदं."

मग काय गंमत झाली. मला दिसत होतं पण कळत नव्हतं, त्यांना कळत होतं पण दिसत नव्हतं. एक शिंपी होता. त्याच्या दुकानात शाळेतल्या बाई पोरांच्या गणवेशाची मापं घेऊन येतात. मी सांगायची, "त्यानं कात्री खाली ठेवली, बाईंकडं बघंना." मामा सांगायचे, "तो म्हणतोय, सोमवारी या. ती म्हणती, मागच्या सोमवारीबी हेच म्हणला व्हता." आम्ही दोघांनी मिळून तो एक पिक्चर पुरा केला. मी आजवर पाहिलेल्यांत तो सगळ्यांत चांगला. त्यात कुणी कुणाला आपटलं नाही, आणि त्या शिंप्याच्या मशीनजवळ खरोखर चिंध्या पडलेल्या होत्या.

पण त्याच पिक्चरमध्ये माझ्या हातून एक गोष्ट झाली. बाई पुन्हा दुकानात आल्या, शिंप्यानं दुकानाच्या दाराची फळी लावून घेतली आणि ते दोघं जवळ यायला लागले. आता हे सासऱ्यांना कसं सांगायचं? गाणं तर सुरू झालेलं. मी गप्प झाले.

"मांजरे, काय चाललंय?"

"ज्वारी," मी म्हणाले. माझ्या तोंडात दुसरं काही आलंच नाही. "ज्वारी दाखवत्यात."

"कसली?"

"हुरड्यात आलेली. वारं सुटलंय."

"बरं," मामा म्हणाले.

ते पिक्चरवाले काही थांबेनात. तासाभरात तीनदा ज्वारी दाखवावी लागली. तिसऱ्या वेळी मामा म्हणाले, "शिंप्याचं रान लई दिसतंय." मी कुकरची शिट्टी झाली म्हणून आत पळाले. कुकर लावलेलाच नव्हता.

पुढं प्रत्येक पिक्चरमध्ये हेच. हिरो-हिरोईन जवळ आले की मी ज्वारी उभी करायची. शहरातला पिक्चर असला तर ज्वारीऐवजी वाहतूक दाखवायची. मामा कधी फार विचारायचे नाहीत.

साखर उतरली. धाराशिवला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. घरात सगळे खूश. मीही होते. मामांना आता स्वतःचं ताट दिसेल, अंगणात कुणी आलं तर ओळखता येईल. पण भाकरी थापताना माझ्या मनात दुसरंच चालायचं. आता त्यांना पिक्चर सांगणारी लागणार नाही. मी पुन्हा उंबऱ्याच्या आत, कपाटामागं. आणि ती ज्वारी उघडी पडली म्हणजे? सून आपल्याला महिनोन् महिने खोटं सांगत होती, असं त्यांना वाटलं म्हणजे? डोळ्यांत थेंब घालायचे दिवस संपत आले तसं मला वाटायला लागलं, आणखी आठ दिवस राहिले असते तर बरं.

टीव्ही बघायला परवानगी मिळाली त्या दिवशी मामांनी लेकीला काय सांगावं? "तो कानडी शिंप्याचा लाव. आता माझ्या डोळ्यांनी बघतो."

दुपारी मी चौकटीच्या आत उभी राहिले, पूर्वीच्या जागी. पिक्चर सुरू झाला. मामा काळा चष्मा लावून बाजेवर ताठ बसलेले. काही विचारत नव्हते, काही सांगत नव्हते. बाई आल्या, मापं झाली, सोमवार झाला. मग फळी लागली. मी भिंतीआड सरकले आणि पदर तोंडाशी धरला.

गाणं पुरं झालं. मामांचा आवाज आला.

"मांजरे, ज्वारी कुठाय?"

मी पदर आणखी घट्ट धरला.

"आरं, ह्या शिंप्याला गुंठाभरबी रान न्हाय की! मी आपला तवापास्नं पेरणी, खुरपणी समदं धरून बसलो व्हतो."

त्यांचा आवाज हसरा होता की रागाचा, मला भिंतीआडून कळेना. पिक्चर संपला, टीव्ही बंद झाला. त्या दिवशी मामांनी चहा मांजरीला सांगून मागितला नाही, नुसती कपबशी वाजवली. रात्रभर मला वाटत राहिलं, आता संपलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. मामा त्याला म्हणाले, "ह्या टीव्हीवर खिडकीचा उजेड पडतोय, माझ्या डोळ्याला तरास व्हतोय. पल्याडच्या भिंतीला लाव."

"आबा, आत्ता तर सगळ्या वायरी नीट केल्यात."

"डोळं माझं हाईत का तुझं?"

नवरा कुरकुरत उठला. कपाट कोपऱ्यात गेलं, टीव्ही दुसऱ्या भिंतीवर. खिडकीचा उजेड आता आधीपेक्षा जास्त पडत होता. पण स्वयंपाकघराच्या दारातून टीव्ही पुरा दिसायला लागला, डावीउजवीकडून सगळा. नवऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. मामांनी दाराकडं पाहिलंही नाही.

सोमवारी दुपारी त्यांनी मधलं बटण दाबलं. नवा पिक्चर, मराठीतला. दोघांनाही दिसत होतं, दोघांनाही कळत होतं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला सगळा टीव्ही मिळाला होता, तरी जीव लागेना. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग हिरो आणि हिरोईन गच्चीवर गेले, पाठीमागं चांदणं वगैरे, आणि तो तिच्याजवळ सरकायला लागला.

मामांनी काळा चष्मा नीट केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आली का ज्वारी?"

मी मांजरीला शोधलं. ती बाजेखाली नव्हती, खिडकीत नव्हती, मघाशीच बाहेर गेली असावी. उत्तर तर द्यायचं होतं. गाणं चालू होतं.

"व्हय मामा," मी म्हणाले, "आली. काढणी झाली की सांगते."

मामांचे खांदे हलायला लागले. मी उंबऱ्याच्या बाहेर आले आणि गाणं संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. मग म्हणाले, "झाली." त्यांनी तोंड इकडं केलं.

पिक्चर तसा सुमारच होता. हिरोची आई इतकी तरुण होती की त्याची धाकटी बहीण शोभली असती. मी तसं म्हणालेही. मामा म्हणाले, "व्हय, मलाबी तेच वाटत व्हतं."