मामांचा तिसरा वर्ग

हिच्या मामांइतक्या आग्रहाने इतकं बेचव जेवण वाढणारा माणूस अख्ख्या जपानात नसेल. जुन्या आगबोटींवर तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना रोज काय खायला मिळे, हा त्यांचा ध्यास. तोयोसुच्या ऑफिसात आठवडाभर राबून शनिवारी मी पार गळून गेलेला असायचो, आणि नेमका तेव्हाच उरायासुहून मामांचा फोन यायचा, "या जेवायला. आज अटलांटिक आहे." अटलांटिक म्हणजे पेज, उकडलेले बटाटे आणि दाताला दाद न देणारं बिस्किट. खारवलेला मासा शाकाहारी मामांना चालत नसे, म्हणून त्याच्या जागी खारवलेला तोफू. पॅसिफिक असलं की भात, मिसो सूप आणि मुळ्याचं लोणचं. त्या शनिवारी आम्ही जरा खुशीत निघायचो. बशा घसरू नयेत म्हणून बोटीवर टेबलक्लॉथ ओला करत, तसा मामाही करत, आणि मग "लाटा आल्या!" म्हणत गुडघ्याने टेबल हलवत. आमच्या चिरंजीवांनी एकदा पेजेची वाटी दूर सारली आणि जपानीत सांगितलं, "इरानाई." नको! मामा खूश. "तिथली पोरंही हेच म्हणत असणार! पहिल्या वर्गाच्या मेजवान्या सगळ्यांना पाठ आहेत, जावईबापू. या लोकांनी काय खाल्लं, याची कुणाला पडलीय?"

एकदा लाटा जरा जास्तच उसळल्या आणि खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी तक्रार घेऊन वर आल्या. मामांनी माफी मागता मागताच त्यांना खुर्चीत बसवलं आणि तांदळाची पेज पुढे ठेवली. जपानात अशी पेज आजारी माणसाला देतात. आजींनी काळजीने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

मामी वारल्या, त्यानंतर हे त्यांना कुणी विचारलं नसावं. नकळत पुन्हा हलू लागलेला मामांचा गुडघा थांबला. "थोडंसं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजी पेजेबरोबर खायला उमेबोशीची आंबट-खारट फळं घेऊन आल्या. मग दर शनिवारी येऊ लागल्या.

यंदा मामांच्या कंपनीने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, म्हणजे भारतात परतणं आलं. पुण्यातला फ्लॅट बंद. वाट बघणारं कुणी नाही. सामान बांधायला मी आणि ही गेलो, तर मामा अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये नुसते उभे होते.

"मामा, घरीच तर चाललात," ही म्हणाली.

"ते बोटीवरचे लोक नव्या देशात जायला निघायचे, अगं," मामा म्हणाले. "परत जाताना काय जेवायचे, ते मला कुठे सापडलंच नाही."

दुपारी आजी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून ओनिगिरी घेऊन आल्या. आम्ही जमिनीवरच बसलो. मामांनी तो भाताचा गोळा संपवला. कुठल्या समुद्राचं नाव नाही, काही नाही. मग अवघडून म्हणाले, "जरा पडू का?" आणि तातामीच्या चटईवर तिथेच कलंडले. आजींनी आपली शाल त्यांच्या अंगावर घातली. बरीच खोकी बांधायची राहिली होती. आम्ही तिघं भिंतीला टेकून बसून राहिलो. त्यांना उठवावं असं कुणालाच वाटलं नाही.