धोंड्याचा घास

टाकीसाठी बादलीत समुद्री मीठ विरघळलं की त्याच्या वासानं मला किकवीला सासरच्या घरातली ती लोडशेडिंगची दुपार आठवते. काचेच्या टाकीत वाळूवर माझं बशीएवढं जिवंत पोवळं, दिसायला दगड पण खरा समुद्री प्राणी, पसरलं होतं. पंप बंद पडलेला. पाणी हललं नाही तर ते गुदमरणार, म्हणून मी तांब्यानं पाणी उपसून वरून ओतत होते. "धोंड्याची कसली गं चाकरी?" सासरे हसले. मी चिडून कोळंबीचा तुकडा त्याच्यावर ठेवला. हळूहळू तोंड उघडून त्यानं तो गिळला. "मामंजी, धोंडा खातो व्हय?" सासरे टाकीजवळ वाकले. मग माझ्या हातातला तांब्या घेत म्हणाले, "जितराब हाय म्हनून आदी सांगायचं न्हाई का!" ते पोवळं अजून जिवंत आहे. आजही कुणी हसलं की मी वाद घालत नाही, कोळंबी आणते.