साडूभाऊंची टाकी आणि बाईंची दोरी

आमच्या साडूभाऊंइतका जलपर्णीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचा नाही. गाव तलावातल्या त्या हिरव्या गुंत्याला शिव्या घालतं. साडूभाऊ मात्र पिकल्या धानाकडे बघावं तसे तिच्याकडे बघतात. मी ब्रह्मपुरीहून पेढे नेले, तर पुडा बाजूला सारून विचारतात, "केळाच्या साली कुठी हायेत?" त्यामुळे टक्कल पडलेला, चारचौघांत मान असलेला मी एसटीत मांडीवर घरचा कचरा घेऊन बसतो आणि शेजारचे जागा बदलतात.

हे सगळं अंगणातल्या गोबरगॅसच्या टाकीसाठी. शेण, धानाचं तणस, बारीक चिरलेली जलपर्णी हा तिचा आहार. घुमटाला कान लावून साडूभाऊ सांगतात, "आज भूक नाई तिले." माझं पोट बिघडलं तेव्हा त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात उरलेला ड्रमभर मठ्ठा त्यांनी मोठ्या मायेनं टाकीला पाजला. टाकी आंबली, शेगडी विझली. मी तिथेच मुक्कामाला होतो. बाईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, सरपणाची मोळी बांधायची दोरी खुंटीवरून काढली.

"काड्याले जातो जंगलात," बाई म्हणाल्या.

"पागल झाली का? कालच वाघाचे पंजे दिसले तिकडं."

"वाघ का आजच आला? इतके वर्षं गेलो नाई का मी?"

"तवा टाकी नोती," साडूभाऊ म्हणाले. दोरी ओढून घेतली, तिची घडी केली आणि तिच्यावरच मांडी घालून बसले.

मग आंबटपणा मारायला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या डबीतला चुना टाकीत गेला, पाठोपाठ पानठेल्यावरचं चुन्याचं डबडंही. टाकीला उपास घडला, वर ताज्या शेणाचा काढा. तोवर भात शिजला तो पाहुण्यांची बाज फोडून. पाहुणा मीच, जमिनीवर झोपलो.

काही दिवसांनी निळी ज्योत फुरफुरली. साडूभाऊंनी मला मिठी मारली, हात न धुता.

परवा चहा ओतताना बाई म्हणाल्या, "जंगलात बायाइच्या गोठी-गप्पा मस्त होत होत्या, भाऊ." साडूभाऊ ऐकत होते. रोज संध्याकाळी शेगडी पेटवण्याआधी ते एकदा खुंटीकडे बघतात. दोरी जागेवर असते. मगच कॉक फिरवतात.