न छापलेलं प्रकरण

दिघीच्या खाडीलगत एका कोळीवाड्यात माझे वडील शाळामास्तर होते. मुंबईहून त्यांच्या नावानं एक मासिक टपालानं यायचं. मासिक त्यांचं, पण त्यातली क्रमशः येणारी कादंबरी माझी. मी तेव्हा सोळा वर्षांची, मराठी सातवी पास होऊन घरी बसलेले. दुपारी ते मासिक घेऊन मी किनाऱ्यावर जाई. तिथे बायका सुकलेला जवळा निवडत बसलेल्या असत. एकदा त्यांतली एक म्हणाली, "मनातल्या मनात काय वाचतंस? आमाला बी कलू दे की." तेव्हापासून मी मोठ्यानं वाचू लागले.

कादंबरीतल्या बाईला नवऱ्यानं दुसरं लग्न करून घराबाहेर काढलं होतं. ती मुंबईत सुइणीचं काम शिकते, दवाखान्यात नोकरी धरते, एकटीनं खोली घेऊन राहते. बायका तिला 'आपली बाय' म्हणत. लेखक तिला दर दोन-तीन महिन्यांनी तापानं आजारी पाडी, त्याचा त्यांना भारी राग. "भात न् लोणच्यावर कसली बरी व्हते ती? त्या लिवणाऱ्याला सांग, हिला जरा बांगडा खाया घाल." एक म्हातारी हरिहरेश्वरला गेली, तेव्हा घरच्यांच्या नारळांसोबत आपल्या बायच्या नावानंही एक नारळ ठेवून आली. परत आल्यावर मला विचारलं, "आता उतरला का ताप?"

या सगळ्यांत एक होती, तिला मी वयनी म्हणायची. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तिथेच दुसरीबरोबर राहिला. त्याला सहा वर्षं झाली होती. वयनी डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायची आणि सासू-सासऱ्यांसकट घर चालवायची. ती फार बोलत नसे. पण नवरा दाराशी येतो आणि आपली बाय कडी काढत नाही, तो भाग तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला होता.

शेवटचं प्रकरण आलं ते मी आधी घरीच वाचलं. नवरा आजारी पडतो. त्याची दुसरी बायको निघून गेलेली असते. आपली बाय नोकरी सोडून धावत जाते, 'माझा गर्व उतरला' म्हणत त्याच्या पायांवर डोकं ठेवते, आणि तशीच प्राण सोडते. त्या पायांवरच तिला सुखाचं मरण आलं, असं लेखकानं लिहिलं होतं. मला रडू आलं, पण ते तिच्या मरणाचं नव्हतं. दोन वर्षं या माणसानं तिला आमच्यासमोर पायावर उभी केली, ती काय अशी पाडायला? मी त्याच दिवशी लेखकाला मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं.

दुपारी किनाऱ्यावर गेले तर वयनी आपली टोपली माझ्याजवळ सरकवून बसली होती. तिचा नवरा परत यायला निघालाय, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. मी पान उघडलं आणि त्यात नव्हतं ते वाचू लागले. नवरा पुन्हा दाराशी येतो. ती आतूनच सांगते, "औषधाची चिठ्ठी दवाखान्यातून न्या. इथे तुमचं कुणी नाही." मग ती पदर खोचते आणि कामाला निघते. बायका खूश झाल्या. वयनीनं एवढंच विचारलं, "झाली गोष्ट?" मी म्हटलं, "झाली."

चार दिवसांनी नवरा आला. वयनीनं त्याला घरात घेतलं नाही. सासरा गयावया करू लागला तेव्हा म्हणाली, "त्या बायनं दार उगडला न्हाय. मी बी न्हाय उगडणार." तिच्या दिराला वाचता यायचं. तो आमच्याकडे आला, गोड बोलून वडिलांकडून मासिक मागून घेऊन गेला. संध्याकाळी वयनीच्या निवाड्यासाठी देवळापुढे पंच बसले; बायकांत मीही होते. तेव्हा त्यानं ते प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. "ही तुमची बाय. नवऱ्याच्या पाया पडून मेली!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वयनी उठून माझ्यासमोर आली.

"ह्यो वाचतो तसाच छापलाय?"

"हो," मी म्हटलं.

"मंग तू वाचलास ता?"

"ते मी रचलं. मला वाटलं, तुम्हाला बरं..."

"मना वाटला, कुनी शान्या मानसानं इचार करून लिवलाय. त्याच्या जोरावर मी उभी राह्यले. आनि ता तुजा व्हता? कालच्या पोरीचा?"

मग ती पंचांकडे वळली. "ती गेली आसंल. मी न्हाय जात."

पंचांनी तिला तीन वेळा विचारलं. तिनं तिन्ही वेळा तेच सांगितलं. आठवडाभरानं नवरा एकटाच बोटीत बसून मुंबईला गेला. मला वाटलं, आता ती मला माफ करील. पण मी किनाऱ्यावर गेले की बायका दुसरंच काही बोलायला लागत. पुढच्या महिन्याचं मासिक आलं, तेव्हा कुणी वाच म्हणालं नाही.

महिन्याभरानं लेखकाचं कार्ड आलं. मी किनाऱ्यावर रचला होता तसाच काहीसा शेवट त्यांनीही आधी लिहिला होता. पण आधीच्या एका अंकात बाईनं नवऱ्याला दाराबाहेर ठेवलं, ते आवडलं नाही म्हणून वर्गणीदारांची पत्रं आली होती. त्यामुळे संपादकांनी ते शेवटचं प्रकरण परत पाठवलं. 'अखेर वाचकांसाठीच लिहावे लागते,' असं लेखकांनी खाली लिहिलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आम्हीही वाचकच होतो. फक्त आमच्यातल्या कुणीच पत्र पाठवलं नव्हतं, आणि मी पाठवलं तेव्हा उशीर झाला होता.

कार्ड घेऊन मी पळत तरीवर गेले. वयनी आगरदांड्याला जायला होडीची वाट बघत उभी होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, उलटं केलं, टपालाचा शिक्का बोटानं चाचपला.

"ह्या बी तूच लिवला आसशील," ती म्हणाली, आणि होडीत जाऊन बसली.