एडिसनच्या बेसमेंटमधला बर्फ

संपादकाने कापलेला मजकूर कुठं जातो, हे मला उभ्या नोकरीत कळलं नाही. आता कळलंय. तो रिपोर्टरच्या डोक्यात जाऊन बसतो! आधी नागपुरात आणि मग इथं न्यू जर्सीत एका साप्ताहिकात मी आयुष्यभर बातम्या दिल्या. "हे गमतीचं आहे, महत्त्वाचं नाही," असं म्हणून ज्या ओळी उडवल्या गेल्या, त्याच लोक आज मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. महत्त्वाचं काय होतं, ते कुणाच्याच लक्षात नाही.

सगळ्यात जास्त किस्से साठले ते इथल्याच एडिसन गावातल्या विश्वासकाकांच्या बेसमेंटमुळे. विश्वासकाका सावंत मूळचे सांगलीचे, इथं छापखान्यात मशीनवर उभं राहून रिटायर झाले. त्यांना नाद एकच, स्कीइंगची जुनी पोस्टरं. आल्प्समधली गावं आणि तिथल्या रेल्वे पूर्वी "आमच्या बर्फात खेळायला या" अशी जी रंगीत पोस्टरं भिंतींवर चिकटवायच्या, ती. काकांच्या बेसमेंटच्या चारही भिंती त्यांनी भरलेल्या. महिन्यातून एका रविवारी आम्ही तिथं जमायचो. काका, सुमनकाकू, मी आणि आयटीतला मिलिंद गजभिये, माझ्याच नागपूरचा.

मग काकांचे गुडघे गेले आणि घर विकायला निघालं. मुलगा अमोल डब्लिनला असतो. आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. त्याने तिथं आईबाबांसाठी कॉन्डो बघितला. काकांनी फोनवर एकच विचारलं, "पोस्टरं कुठं लावायची?"

"बाबा, मोकळी भिंत एकच आहे," अमोल म्हणाला, "आणि तिच्यावर टीव्ही आहे!"

त्या दिवसापासून काकांना चैन नाही. या पोस्टरांचं करायचं काय? आणि त्यांना चैन नाही म्हणून आम्हालाही नाही.

* * *

गंमत म्हणजे काका जन्मात कधी स्कीच्या डोंगरावर गेले नव्हते. घर जाणार म्हटल्यावर म्हणाले, "एकदा खरं बघून तरी येऊ." मिलिंदला स्कीइंग येतं. त्याने ड्राइव्ह केलं, आम्ही पेनसिल्व्हेनियात पोहोचलो.

जानेवारी महिना, आणि डोंगर तपकिरी! मधोमध पांढरा पट्टा, जणू कुणी चुन्याची फक्की मारलीय. कडेला मोठाले पंखे धडधडत होते आणि पाण्याचा बर्फ करून उडवत होते. माझं डोकं फिरलं. ऑफिसात जाऊन तिथल्या पोरीला विचारलं, "वेबसाइटवर सगळा डोंगर पांढरा दाखवलाय. हा कुठला डोंगर?"

ती गोड हसून म्हणाली, "हाच आहे, मॅम. पण फोटो चांगल्या वर्षातला आहे."

"कुठल्या वर्षातला?" मी सोडते होय!

तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला कॉफीचं फुकट कूपन दिलं. मी ते परत केलं. एवढ्यात काका म्हणाले, "नंदाताई, कशाला भांडतेस? आपल्या पोस्टरवाल्यांनी तरी काय केलं? त्यांनीही बर्फ मशीननेच पाडला. त्यांचं मशीन लहान होतं, एवढंच. ब्रश!"

* * *

परत आलो तर पॅकिंगला सुरुवात झालेली. सुमनकाकूंना धास्ती, की मूव्हर्स पोस्टरं फाडतील. आता काकूंच्या घरात रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, अमोलचं बालवाडीचं सर्टिफिकेटसुद्धा लॅमिनेट केलेलं. काका दवाखान्यात गेले असताना त्यांनी एक पोस्टर गुंडाळलं आणि कॉपीच्या दुकानात जाऊन झकास लॅमिनेट करून आणलं! जुन्या पद्धतीने मूळ दगडावरून छापलेलं, म्हणजे अस्सल, स्वित्झर्लंडमधल्या डावोसचं.

जुने कागद जपणारे लोक पोस्टरला हात लावण्याआधी हात धुतात. गरम प्लास्टिकमध्ये कागद एकदा बसला की तो कधीच बाहेर येत नाही. माणसाचं वय व्हावं तसं.

काका आले, पाहिलं, खुर्चीत बसले. काकू उत्साहात म्हणाल्या, "आता बघा, वर पाणी सांडलं तरी काही होणार नाही!"

काकांनी प्लास्टिकवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "सुमन, तुझं बरोबर आहे. आता त्याला काहीच होणार नाही."

त्या दिवसापासून बेसमेंटच्या दाराला कडी.

* * *

आमचं ठरलं होतं, की सगळी पोस्टरं एकत्र घेईल असा माणूस शोधायचा. काकांची अट तीच. "घर एकच हवं. भावंडं वाटून टाकायची नसतात."

शोधताना शिकागोजवळच्या शॉमबर्गचा एक आपलाच माणूस ऑनलाइन सापडला. स्वतःला कलेक्टर म्हणवणारा. त्याने उलट आम्हालाच एक पोस्टर देऊ केलं. स्वित्झर्लंडमधल्याच झरमॅटचं, 'ओरिजिनल व्हिंटेज'. काकांनी व्हिडिओ कॉलवर भिंग धरायला लावलं आणि माझ्या कानात कुजबुजले, "ठिपके बघ, एका ओळीत. दगडाच्या छपाईत असे नसतात. मी चालवायचो त्याच जातीच्या मशीनवर गेल्या महिन्यात निघालंय."

मी फोन माझ्याकडे घेतला. "हे खरंच ओरिजिनल आहे ना?"

"हंड्रेड पर्सेंट, मॅडम! आजोबांच्या काळातलं."

"फारच सुंदर. अशी किती शिल्लक आहेत तुमच्याकडे?"

"तुम्हाला किती पाहिजेत?"

* * *

यानंतरचा किस्सा सांगताना माझं अजून रक्त तापतं.

एक गृहस्थ आले, सोबत बायको. मोठं घर, खाली होम थिएटर, सगळी पोस्टरं एकत्र घ्यायला तयार. काकांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला. मिलिंद एकेक पोस्टर दाखवत होता. खालच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचं नाव कसं असतं, त्यावरून खरं-खोटं कसं ओळखायचं, सगळं सांगत होता. गृहस्थ खूश. म्हणाले, "वा, तुमचा अभ्यास आहे! आडनाव काय म्हणालात?"

"गजभिये."

"अच्छा, अच्छा. नागपूर." मग थोडं थांबून, "म्हणजे तुम्ही... त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर वगैरे..."

मी तोंड उघडलंच होतं. पण मिलिंदने हाताने थांबवलं. अगदी शांतपणे म्हणाला, "सर, खालची पट्टी पोस्टरची तपासतात. माझी कशाला तपासताय?"

बाई छताकडे बघू लागल्या. गृहस्थ "नाही, नाही, सहज" म्हणत हसले आणि चेकबुक काढलं. काकांनी पोस्टर गुंडाळायला घेतलं. "माफ करा," म्हणाले, "यातलं काहीच द्यायचं नाही."

ते गेल्यावर मिलिंद कळवळला. "काय केलंत, काका? माझ्यापायी एवढं चांगलं गिऱ्हाईक घालवलंत!"

"गिऱ्हाईक कसलं ते?" काका म्हणाले. "ओल होती ती. कागदाजवळ येऊ द्यायची नसते."

* * *

मग साहजिकच काका मिलिंदला म्हणाले, "तूच ने सगळी."

मिलिंदच्या अपार्टमेंटमध्ये मी गेलेय. त्याची स्वतःची चांगली दहा-बारा पोस्टरं आहेत. सगळी नळ्यांमध्ये, कपाटामागे उभी. भिंती कोऱ्या करकरीत. मी एकदा चिडून विचारलं होतं, "लावत का नाहीस रे? घरमालक खातो का?"

"तसं नाही, ताई. व्हिसावर आहे ना, यार. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला आणि त्याच आठवड्यात ले-ऑफ झाला. तेव्हापासून भिंतीत काही ठोकत नाही."

"अंधश्रद्धा! तू? बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस!"

"प्रतिज्ञांमध्ये इमिग्रेशनचं काही नाहीये!"

काकांना त्याने नम्रपणे नकार दिला. काका म्हणाले, "बरोबर आहे. नळीत ठेवायची तर इथं काय वाईट होती."

* * *

शेवटी मी म्हटलं, माझ्यावर सोपवा. गावच्या लायब्ररीत गेले. तिथल्या बाईंना कल्पना पसंत पडली. पुढची लांबलचक भिंत, येणारे-जाणारे सगळे बघतील, सगळी पोस्टरं एकत्र! काकांनी त्या रात्री म्हणे पहिल्यांदा नीट झोप घेतली.

दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन. एक अडचण आहे. एका पोस्टरातली तरुणी, स्कीला टेकून गच्चीवर उभी, हातात सिगारेट. "इथं मुलं येतात. आम्ही त्या जागी छोटासा गोल स्टिकर लावू. फक्त हातावर."

पोस्टरवर स्टिकर! मी अर्धा तास भांडले. म्हटलं, "मी यावर लिहीन!" त्या म्हणाल्या, "जरूर लिहा, आम्हाला प्रसिद्धी हवीच आहे." अशा माणसांशी भांडायची कला मला अजून आलेली नाही.

काकांना सांगितलं. ते त्या तरुणीसमोर जाऊन उभे राहिले. "बिचारी कधीची बर्फात उभी आहे," म्हणाले. "ओढू दे की तिला एक!" आणि लायब्ररी कॅन्सल केली.

* * *

घराचा ताबा द्यायच्या दिवशी अमोल ओहायोहून गाडी घेऊन आला. त्याच सकाळी, शेवटी नाइलाजाने गाठलेला मॅनहॅटनचा एक डीलर व्हॅनमध्ये पोस्टरं भरून गेला. तो ती एकेक करून विकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त एक पोस्टर काकांनी दिलं नाही. लाल स्वेटरमधली मुलगी उतारावरून थेट आपल्या अंगावर येतेय, खाली एवढंसं गाव. डीलरचा जीव नेमका त्याच्यावर होता.

अमोलने ते बघितलं. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "बाबा, हे घेऊ बरोबर. मी टीव्ही काढतो भिंतीवरून."

"नको," काका म्हणाले. "तुझी आई सिरियल कुठं बघणार?"

निघताना काकूंना कढीपत्ता हवा होता, म्हणून ओक ट्री रोडवर आपल्या नेहमीच्या ग्रोसरीसमोर गाडी थांबली. निरोप द्यायला मी आणि मिलिंद मागून आलो होतो. काका गुंडाळलेलं पोस्टर काखेत मारून उतरले. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, वाटेतल्या दशम्या.

दुकानाच्या दारातली भिंत तुम्हाला माहीत आहे, जाहिरातींच्या कागदांनी भरलेली. टिफिन मिळेल, बेसमेंट भाड्याने, भरतनाट्यमचे क्लास. काकांनी दुकानदाराशी दोन शब्द बोलून घेतले. मग डबा उघडला. आत खळ होती, गव्हाच्या पिठाची, पातळ, गुठळी नसलेली.

"काका, काय करताय!" मी ओरडले. "काका, ओरिजिनल आहे ते!"

त्यांनी ऐकलंच नाही. हातानेच भिंतीला खळ फासली, पोस्टर वरून सोडलं आणि मधून कडेला, मधून कडेला, तळवा फिरवत सपाट केलं. बेसमेंटचं भाडं अर्धं झाकलं गेलं. अमोलने तोंडावर हात ठेवला. मिलिंदने पुढे होऊन खालचं टोक धरलं.

एक तरुण जोडपं कार्ट ढकलत बाहेर आलं, कार्टच्या सीटवर पोर. तिघंही थांबले. पोराने बोट दाखवलं, "लुक! स्नो!"

"काका, हे कुठंय?" बापाने विचारलं.

"आल्प्समध्ये."

"भारी आहे हो! ग्रुप टूर आहे का?" त्याने फोन काढून पोस्टर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नंबर दिसत नाहीये. व्हेज मिळतं ना तिथं?"

"सगळं मिळतं," काका म्हणाले.

"मग निघते कधी?"

एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला होता. काकांनी तो अंगठ्याने हळूहळू कडेला नेला, बाहेर काढला आणि हात पँटला पुसले.

"आधी वाळू तर दे!"